आउगुस्ट झांडर : माणसांचे कप्पे आणि कप्प्यांतली माणसं

तीन तरुण पोरं शेतातल्या कच्च्या वाटेवर थांबली आहेत. तिघांच्या अंगात गडद सूट, डोक्यावर हॅट, हातात काठी. चालता चालता मागून कुणी हाक मारावी आणि मान वळवून बघावं, तसं ते आपल्याकडे बघताहेत. उजवीकडचे दोघं ताठ, नीटनेटके. डावीकडचा जरा मागे राहिलाय. त्याच्या तोंडात सिगारेट, हॅट तिरकी, काठीही तिरकी. मागे सपाट, धूसर माळ. बाकी काही नाही.

हा फोटो १९१४ सालचा, जर्मनीतल्या वेस्टरवाल्ड या डोंगराळ भागातला. पोरं नाचाच्या कार्यक्रमाला निघाली होती. त्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. फोटो काढणाऱ्याचं नाव आउगुस्ट झांडर. (गुगलवर 'ऑगस्ट सँडर' असं शोधलंत तरी सापडेल.) फोटोचं शीर्षक 'तरुण शेतकरी'.

जॉन बर्जर या इंग्रज लेखकाने १९७९ मध्ये या फोटोतल्या सुटांवर निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : सूट हा बसून काम करणाऱ्या, बसून सत्ता चालवणाऱ्या वर्गाचा पोशाख. कष्टाने घडलेल्या शरीरावर तो बसत नाही आणि मग सुटाऐवजी ते शरीरच बेढब वाटू लागतं. पुढे १९८५ मध्ये रिचर्ड पॉवर्स या अमेरिकन लेखकाने याच फोटोवरून आख्खी कादंबरी लिहिली. नाचाला निघालेले तीन शेतकरी जगभर पोचले.

नंतर संशोधकांनी या तिघांचा माग काढला, तेव्हा कळलं की त्यांचं पोट शेतीवर चालत नव्हतंच. दोघं तिथल्या लोखंडाच्या खाणीत कामाला होते आणि तिसरा खाणीच्या कचेरीत. त्यातला एक युद्धात मारला गेला.

म्हणजे लेबल चुकीचं होतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे फोटोला चुकीचं लेबल लागलेलं सापडलं, तर तो डेटामधून काढून टाकतात किंवा लेबल दुरुस्त करतात, कारण आमच्या लेखी फोटोची किंमत त्याच्या लेबलाइतकीच असते. झांडरच्या फोटोचं मात्र काहीच बिघडलं नाही. ती पोरं खाणकामगार आहेत हे कळल्यावर तो फोटो उलट जास्त वेळ बघावासा वाटतो. असं का होतं, याचं उत्तर झांडर माणसांशी कसा वागायचा यात आहे असं मला वाटतं.

खाणीतला पोऱ्या

झांडरचा जन्म १८७६चा, कोलोन शहराच्या पूर्वेला असलेल्या हेरडॉर्फ नावाच्या खाणगावातला. वडील खाणीत सुतारकाम करायचे, घरची थोडी शेतीही होती. शाळा सुटल्यावर पोरगाही खाणीवर कामाला लागला. एकदा खाणीच्या परिसराचे फोटो काढायला बाहेरून एक फोटोग्राफर आला आणि त्याच्या मदतीला या पोराला दिलं गेलं. त्याने पहिल्यांदा कॅमेऱ्यातून पाहिलं ते तेव्हा. काकांनी पैशांची मदत केली, कॅमेरा आला, वडिलांच्या हाताखाली घरीच डार्करूम उभी राहिली.

लष्करातली सक्तीची नोकरी, वेगवेगळ्या शहरांतल्या स्टुडिओंमधली उमेदवारी, मग ऑस्ट्रियातल्या लिंट्स शहरात नोकरी आणि पुढे तिथेच स्वतःचा स्टुडिओ, असा त्याचा प्रवास झाला. लिंट्समध्ये तो त्या काळच्या चालीप्रमाणे फोटो चित्रासारखे दिसतील असे छापायचा : मऊ कडा, खरबरीत कागद, ब्रशचे फटकारे मारल्यासारखा पोत. या कामासाठी त्याला बक्षिसंही मिळाली. १९१०च्या सुमारास तो कुटुंबासह कोलोनला आला आणि लिंडेनथाल या उपनगरात त्याने स्टुडिओ थाटला.

नव्या शहरात गिऱ्हाइकं कमी होती. मग तो कॅमेरा घेऊन वेस्टरवाल्डच्या खेड्यांमध्ये जाऊ लागला. कधी रेल्वेने, कधी सायकलवर. तिथल्या शेतकरी कुटुंबांना भिंतीवर लावायला फोटो हवा असायचा. झांडर त्याच पट्ट्यातला, खाणीत राबलेला. बाहेरून आलेला शहरी साहेब म्हणून तिथे त्याच्याकडे कुणी पाहत नसणार. तो फोटो काढायचा, प्रिंट घेऊन परत जायचा आणि त्या फेरीत पुढच्या घराचं काम मिळायचं.

ही आधी पोटापाण्याची सोय होती, हे लक्षात ठेवायला हवं. पुढे ज्याला महान कलाप्रकल्प म्हटलं गेलं, त्याची सुरुवात 'आमच्या म्हाताऱ्यांचा एक चांगला फोटो काढून द्या' अशा मागण्यांतून झाली. फोटोतला माणूस इथे गिऱ्हाईक होता आणि फोटो त्याच्या घरी लागणार होता. त्यामुळे आपण कसं दिसावं यावर त्याचा हक्क होता.

काही सेकंद गप्प उभं राहणं

झांडर मोठा लाकडी कॅमेरा, तिवई आणि काचेच्या प्लेटा वापरायचा. १९२५ मध्ये लाइकाचा खिशात मावणारा कॅमेरा बाजारात आला आणि रस्त्यावरचा क्षण चटकन पकडणं सोपं झालं. झांडरने प्लेटा सोडल्या नाहीत. त्याला होता तो उजेड वापरायला आवडायचं आणि त्या उजेडात एका फोटोला अनेकदा काही सेकंद लागत.

आता हे स्वतः करून बघा. फोनचा कॅमेरा समोर ठेवा आणि चार-पाच सेकंद अजिबात न हलता उभे राहा. पहिल्या सेकंदाला आपण हसतो. दुसऱ्या सेकंदाला ते हसू ताणलं जातं. तिसऱ्याला गळून पडतं. त्यानंतर चेहऱ्यावर जे उरतं, ते झांडरच्या फोटोंमध्ये दिसतं. कॅमेऱ्यासमोर उभं आहोत याची पुरेपूर जाणीव आहे, पण ती लपवायला हसू हाताशी नाही.

त्याच्या फोटोतली माणसं म्हणूनच बेसावध पकडलेली वाटत नाहीत. बहुतेक जण थेट भिंगाकडे बघतात. बहुतेकदा पूर्ण किंवा गुडघ्यापर्यंत दिसतात, म्हणजे हात दिसतात, बूट दिसतात. शक्य तिथे ती आपल्या जागी असतात : शेताच्या कडेला, कारखान्यात, स्वयंपाकघरात, घरातल्या खुर्चीवर. चेहरा गोंडस करणारं रिटचिंग, कृत्रिम पोझ, साखरेत घोळवल्यासारखे परिणाम यांचा त्याला तिटकारा होता. १९२०च्या दशकात त्याने जुन्या निगेटिव्ह पुन्हा छापायला घेतल्या, त्याही मऊ चित्रमय कागदावर नव्हे. यंत्रांचे फोटो ज्यावर छापत, त्या गुळगुळीत, चकचकीत कागदावर. त्यात सुरकुती सुरकुतीसारखी दिसायची आणि गुंडीचा तुटका दोराही सुटायचा नाही.

पण उभं कसं राहायचं, हे तो बऱ्याच अंशी समोरच्यावर सोडायचा. १९२८चा 'मिठाईवाला' बघा. केकचं दुकान चालवणारा हा गलेलठ्ठ, टकलू, मिशीवाला माणूस पांढऱ्या कोटात आपल्या भटारखान्यात उभा आहे. एका हातात भलंमोठं भांडं, दुसऱ्यात ढवळायचा चमचा. एखादा सेनापती तलवारीवर हात ठेवून उभा राहील त्याच ऐटीत. हा गृहस्थ कुणाच्या सांगण्यावरून असा उभा राहिला असेल असं वाटत नाही. भांडं हे त्याचं सिंहासन आहे आणि त्याला ते माहीत आहे.

त्याच वर्षीचा विटा वाहणारा मजूर बघा. खांद्यांवर फळी, फळीवर विटांची चळत. सगळं वजन अंगावर आहे आणि तरीही तो कॅमेऱ्याकडे शांतपणे बघतोय. त्याच्याबद्दल कणव वाटावी अशी कुठलीही सोय झांडरने ठेवलेली नाही. बघणाऱ्याला वाटतो तो आदर, आणि थोडी भीतीही. १९२९चे दोन बॉक्सर बघा : एक उंच, गोरा, गंभीर आणि त्याच्या शेजारी बुटका, जो चक्क दात काढून हसतोय. झांडरच्या जगात हसायला बंदी नव्हती. ज्याला काही सेकंद खरोखर हसता आलं, तो हसला.

या सगळ्यात एक करार दिसतो. झांडर कॅमेरा कुठे ठेवायचा, किती अंतरावर ठेवायचा, उजेड कुठून घ्यायचा हे ठरवतो. समोरचा माणूस आपण कोण म्हणून दिसायचं ते ठरवतो. दोघांना एकमेकांसाठी थांबावं लागतं.

सात गट, पंचेचाळीस कप्पे

१९२०च्या दशकात झांडरची ऊठबस कोलोनमधल्या डाव्या विचारांच्या तरुण चित्रकारांत होऊ लागली. फ्रान्झ व्हिल्हेल्म झायव्हर्ट, हाइनरिख होअर्ले ही त्यातली नावं. समाजाची रचना चित्रात कशी दाखवायची, यावर त्यांच्यात वाद चालायचे. त्याच काळात झांडरच्या डोक्यात एक अचाट योजना आकाराला आली. नाव : 'विसाव्या शतकातली माणसं'.

सगळ्या जर्मन समाजाचं चित्र फोटोंमधून उभं करायचं. सात गट : शेतकरी, कारागीर, स्त्री, वर्ग आणि व्यवसाय, कलाकार, महानगर आणि 'शेवटची माणसं'. गटांच्या आत पंचेचाळीसच्या आसपास उपगट आणि प्रत्येकात साधारण डझनभर फोटो. सगळ्याच्या मुळाशी वेस्टरवाल्डच्या शेतकऱ्यांचे बारा फोटो. समाज मातीतून उगवतो, शहरात शिखर गाठतो आणि पुन्हा मातीत जातो, अशी त्याची वर्तुळाकार कल्पना होती.

फोटोंना शीर्षकं व्यवसायाची किंवा स्थानाची : 'नोटरी', 'उद्योगपती', 'बेरोजगार', 'रेडिओ केंद्रातली सेक्रेटरी'. बहुतेकांची नावं नाहीत.

१९२९ मध्ये या योजनेची झलक म्हणून साठ फोटोंचं पुस्तक निघालं. त्याच्या नावाचा अर्थ 'काळाचा चेहरा' असा होतो. प्रस्तावना कादंबरीकार आल्फ्रेड ड्योब्लिनची. वेगवेगळ्या प्राण्यांची शरीरं शेजारी ठेवून शरीरशास्त्र शिकतात, तसं हे फोटो शेजारी ठेवून समाज शिकता येतो, असा त्याचा मुद्दा. दोन वर्षांनी वाल्टर बेन्यामिनने छायाचित्रणाच्या इतिहासावरच्या प्रसिद्ध निबंधात या पुस्तकाची दखल घेतली. सत्ता हलू लागते त्या काळात चेहरे वाचता येणं ही जगण्याची गरज बनते, तुम्ही डावे असा की उजवे, कुठून आलात यावरून लोक तुम्हाला जोखणार, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. हे १९३१ साली लिहिलेलं आहे.

आता अडचणीच्या गोष्टी. या कप्प्यांकडे आज बघताना अनेक ठिकाणी खटकतं. स्त्रियांचा एक वेगळा गट आहे, जणू पुरुष व्यवसायांनी ओळखायचे आणि बाई बाईपणाने. कित्येक स्त्रियांची शीर्षकं 'चित्रकाराची बायको', 'वास्तुरचनाकाराची बायको' अशी आहेत. शेवटच्या गटात अंध मुलं, अपंग, आजारी आणि मृत अशी सगळी एकत्र आहेत. माणसाचं वर्गीकरण कुठेतरी दुखावणारच. झांडरचंही दुखावतं.

आणि तरीही फोटो शीर्षकाला जुमानत नाही. ती 'चित्रकाराची बायको' पांढरा शर्ट, टाय आणि ढगळ पँट घालून उभी आहे. दातांत सिगारेट दाबलेली आणि ती कुणाचीही फक्त बायको आहे असं वाटायला डोळ्यांत काहीही जागा नाही. अंध मुली एकमेकींचे हात धरून आहेत आणि त्या स्पर्शातली सवय त्या फोटोत आहे. कप्पा झांडरने केला. पण त्या कप्प्यात उभं राहणारीला त्याने जे काही सेकंद दिले, त्यात ती कप्प्यापेक्षा मोठी झाली.

रक्त की काम

माणसांचे चेहरे गोळा करून त्यांचे गट पाडणारा झांडर एकटा नव्हता. त्या काळच्या जर्मनीत हा उद्योग जोरात होता. हान्स ग्युंटर नावाच्या गृहस्थाने १९२२ मध्ये जर्मन लोकांच्या वंशांवर पुस्तक काढलं. ते चेहऱ्यांच्या फोटोंनी भरलेलं होतं. कवटी, नाक, डोळ्यांचा रंग यांवरून कोण कुठल्या वंशाचा हे ठरवायचं. या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि नाझींनी या ग्युंटरला डोक्यावर घेतलं. एर्ना लेंडव्हाय-डिर्कसेन ही फोटोग्राफरही झांडरसारखीच खेड्यापाड्यांत फिरून शेतकऱ्यांचे फोटो काढायची. तिच्या पुस्तकांत 'खरा जर्मन चेहरा' म्हणून ग्रामीण चेहरेच यायचे. शहरातला कारकून, बेकार, जिप्सी, ज्यू यांना तिथे जागा नव्हती.

वरवर पाहता झांडर आणि ही मंडळी एकच काम करत होती. चेहऱ्यावरून माणूस वाचता येतो, यावर झांडरचाही विश्वास होता. पण चेहऱ्यावर लिहितं कोण, याचं त्याचं उत्तर वेगळं होतं. ग्युंटरच्या मते रक्त लिहितं. झांडरच्या मते काम लिहितं, वय लिहितं, माणूस ज्या काळात जगला तो काळ लिहितो. म्हणून त्याच्या फोटोत हात, कपडे आणि हत्यारं यांना चेहऱ्याइतकंच महत्त्व आहे.

आपल्यालाही अशा फोटोंचा इतिहास नवा नाही. १८५७च्या उठावानंतर ब्रिटिश सरकारने भारतातल्या जातीजमातींचे फोटो जमवले आणि १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाने आठ खंड काढले. चारशेहून जास्त फोटो, प्रत्येकाशी त्या समाजाचं वर्णन. कोण प्रामाणिक, कोण आळशी, कोण सरकारशी निष्ठावान, कोण लुटारू, असे शेरे त्यात आहेत. त्याच काळात, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा आला. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींवर तो शिक्का कसा बसला आणि किती पिढ्या टिकला, हे महाराष्ट्रात पारध्यांच्या वस्तीवर गेलेल्या कुणालाही सांगायला नको. त्या खंडांतल्या फोटोंमधल्या माणसांकडे बघितलं की जाणवतं, हा फोटो त्यांच्या घरी जाणार नव्हता.

डावा कान

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. झांडरचा थोरला मुलगा एरिख डाव्या समाजवादी कामगार पक्षात होता. १९३४ मध्ये त्याला अटक झाली आणि दहा वर्षांची शिक्षा झाली. १९३६ मध्ये 'काळाचा चेहरा'च्या छपाईच्या प्लेटा नष्ट करण्यात आल्या, उरलेल्या प्रती जप्त झाल्या. नव्या राज्याला जर्मन माणसाचा एकच आदर्श चेहरा हवा होता. झांडरच्या पुस्तकात बेकार होते, क्रांतिकारक होते, शेतकरी होते, बँकवाले होते आणि कुणीच कुणासारखा दिसत नव्हता.

झांडर उघड लढणारा वीर नव्हता. त्याने ऱ्हाइन नदीकाठच्या निसर्गाचे फोटो काढायला सुरुवात केली, स्टुडिओ चालू ठेवला. गणवेशातली गिऱ्हाइकंही यायची आणि तो त्यांचेही फोटो काढायचा. १९३७चा एसएसचा एक अधिकारी त्याच्या संग्रहात आहे. त्याच अंतरावरून, त्याच धीराने काढलेला. ना राक्षस, ना देवदूत. गणवेश आणि एक साधासा चेहरा.

मग १९३८ आलं. त्या उन्हाळ्यात फर्मान निघालं की सर्व ज्यूंनी ओळखपत्र घेतलं पाहिजे. त्यावर 'जे' अक्षराचा ठसा, बोटांचे ठसे आणि फोटो. फोटोत डावा कान उघडा दिसायला हवा असा नियम होता, कारण कानाच्या आकारावरून माणूस ओळखता येतो अशी समजूत होती. पुढच्या जानेवारीपासून प्रत्येक ज्यू पुरुषाच्या नावात 'इस्राएल' आणि बाईच्या नावात 'सारा' जोडणं सक्तीचं झालं.

फोटो हवा म्हणजे फोटोग्राफर हवा. त्या सुमारास कोलोनमधले अनेक ज्यू झांडरच्या स्टुडिओत आले. वयस्क पुरुष, उतारवयातल्या बाया, एखादी तरुण मुलगी. झांडरने त्यांना खुर्ची दिली, साध्या पार्श्वभूमीसमोर बसवलं आणि एरवी उद्योगपतीला किंवा नोटरीला जितका वेळ द्यायचा, तितका दिला. सरकारला एक कान हवा होता. झांडरच्या प्लेटवर कोट नीट घालून आलेला एक माणूस उमटला, ज्याला माहीत आहे की आपल्याला इथे का यावं लागलं.

या लेखासाठी मी हे फोटो पुन्हा पुन्हा बघितले. त्यातलं कुणी रडत नाही. कुणी गयावया करत नाही. अपमानाच्या कामासाठी आलेली ही माणसं कॅमेऱ्यासमोर आपलं स्वतःपण सावरून बसली आहेत आणि तसं सावरता यावं इतकी जागा फोटोग्राफरने त्यांना दिली आहे.

युद्धानंतर झांडरने हे फोटो आपल्या मोठ्या प्रकल्पात घेतले. शीर्षक 'छळलेली माणसं'. ती त्याने महानगराच्या गटात ठेवली, म्हणजे शहराचे नागरिक म्हणून. आणि एसएसचे, नाझी पक्षाचे लोक त्याने वर्ग-व्यवसायांच्या गटात ठेवले. छळणारे आणि छळले गेलेले, दोघांनाही त्याने विसाव्या शतकातल्या माणसांच्या यादीत बसवलं. कुणालाही गाळलं नाही. २०१८ मध्ये पॅरिसच्या होलोकॉस्ट स्मारकात हे दोन्ही संच एकत्र मांडले गेले. संशोधकांनी फोटोतल्या अनेकांची नावं आणि पुढचं आयुष्य शोधून काढलं. ज्या फोटोंना झांडरने नाव दिलं नव्हतं, त्यांना आता नावं मिळू लागली आहेत.

एका बापाचा संग्रह

एरिखला झीगबुर्गच्या तुरुंगात फोटोग्राफरचं काम मिळालं. बापाकडून शिकलेली विद्या. तो सोबतच्या राजकीय कैद्यांचे फोटो काढायचा आणि ते चोरून बाहेर पाठवायचा. त्याने कोठडीत स्वतःचाही फोटो काढला. झांडरने हे फोटो प्रकल्पात घेतले, 'राजकीय कैदी' म्हणून.

हाच एरिख १९२६च्या एका फोटोत आहे. 'नोकरी करून शिकणारे विद्यार्थी' असं त्याचं शीर्षक. चार पोरांमधला तो एक, बावीस-तेवीस वर्षांचा. आपल्याच मुलाला बापाने शीर्षकात नावाने ओळखलं नाही, इतर सगळ्यांसारखंच गटात ठेवलं.

मार्च १९४४ मध्ये, शिक्षा संपायला काही महिने उरले असताना, एरिख तुरुंगात मेला. अपेंडिक्सचं दुखणं होतं आणि उपचार झाले नाहीत. बापाने मुलाच्या मृत चेहऱ्याच्या साच्याचा फोटो काढला आणि तोही संग्रहात ठेवला.

झांडरच्या घरातला त्याआधीचा एक मृत्यूही या संग्रहात आहे. १९११ मध्ये त्याची बायको आना हिला जुळं झालं. एक मूल वाचलं, एक गेलं. झांडरने दोन्ही बाळं हातांत घेतलेल्या आनाचा फोटो काढला : एक जिवंत, एक मेलेलं. आना कॅमेऱ्याकडे बघते आहे. शीर्षक 'माझी बायको, सुखात आणि दुःखात'. दुसऱ्यांना काही सेकंद थांबा म्हणणारा हा माणूस स्वतःच्या घरातही तेच मागत होता आणि घरचे ते देत होते.

युद्धाच्या काळात झांडरने सुमारे दहा हजार निगेटिव्ह वेस्टरवाल्डमधल्या एका खेड्यात हलवल्या. कोलोनचा स्टुडिओ बॉम्बहल्ल्यात गेला. तळघरात ठेवलेल्या पंचवीस-तीस हजार निगेटिव्ह मात्र बॉम्बमधून वाचल्या आणि १९४६ मध्ये, युद्ध संपल्यावर, आगीत जळाल्या. झांडर १९६४ पर्यंत जगला, पण योजना पूर्ण झालेली त्याने पाहिली नाही. २००२ मध्ये ती सात खंडांत, सहाशेहून अधिक फोटोंसह छापली गेली. ज्याला शेवटच नव्हता असा प्रकल्प तिथे कसाबसा थांबला.

शीर्षक झाकून बघा

२०१९ मध्ये केट क्रॉफर्ड आणि ट्रेव्हर पॅगलेन या दोघांनी एक वेबसाइट काढली होती. तुमचा सेल्फी टाकायचा आणि 'इमेजनेट' या प्रसिद्ध डेटासंचावर शिकवलेलं मॉडेल तुम्हाला एक लेबल द्यायचं. कुणाला व्यवसाय मिळायचा, कुणाला शिवी, कुणाला वंशद्वेषी शब्द. इमेजनेटमधले माणसांचे फोटो इंटरनेटवरून उचलले होते आणि लेबलं लावायला माणसांना क्लिकमागे तुटपुंजे पैसे दिले होते. गदारोळ झाल्यावर इमेजनेटने माणसांचे सुमारे सहा लाख फोटो काढून टाकायचं ठरवलं.

माझ्या कामात वर्गीकरण टाळता येत नाही आणि ते टाळावं असंही मला वाटत नाही. जनगणना, मतदारयादी, रेशनकार्ड, आरक्षण, सगळं वर्गीकरणच आहे आणि त्यातून माणसांना हक्कही मिळतात. झांडरनेही आयुष्यभर तेच केलं. मला त्याच्याकडून घ्यावासा वाटतो तो कामाचा क्रम. आधी माणसाला समोर उभं राहू दे. त्याला कळू दे की फोटो निघतोय. कसं दिसायचं ते त्याला ठरवू दे. त्यासाठी लागतील तितके सेकंद थांब. लेबल त्यानंतर. हे क्रमाने झालं, तर लेबल पुढेमागे खोटं ठरलं तरी माणूस फोटोत शिल्लक राहतो. त्या तीन पोरांच्या बाबतीत हेच घडलं.

झांडरचे फोटो आज फोनवर सहज मिळतात. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने, म्हणजे मोमाने, २०१५ मध्ये हा पूर्ण संच घेतला आणि त्यातलं बरंच वेबसाइटवर बघता येतं. बघताना एक करा. शीर्षक अंगठ्याखाली झाका. आधी बूट बघा, मग हात, मग डोळे. हा माणूस काय काम करत असेल, कोणाची वाट बघत असेल, फोटो झाल्यावर कुठे जाणार असेल, याचा अंदाज बांधा. मग अंगठा काढा आणि झांडरने त्याला कुठल्या कप्प्यात ठेवलं ते वाचा. कधी तुमचा अंदाज बरोबर निघेल, कधी झांडरचा. आणि त्या तिघांपाशी पोचलात, तर दोघांचाही चुकेल.